देहान्त शिक्षा आणि कालविलंब : पुण्यातील तीन खटल्यांच्या आधारे एक परीक्षण

देहान्त शिक्षा असावी की नसावी, हा वाद बहुधा दोन प्रश्नांभोवती फिरत राहतो. या शिक्षेने गुन्हेगारास जरब बसते काय, हा पहिला प्रश्न. आणि अतिघोर अपराधास मृत्यूखेरीज अन्य न्याय्य प्रतिफल असू शकते काय, हा दुसरा. दोन्ही पक्षांचे युक्तिवाद आता इतके परिचित झाले आहेत की, एकाने आरंभ करावा आणि दुसऱ्याने त्याचे वाक्य पुरे करावे. या दोन प्रश्नांच्या आड एक तिसरा प्रश्न मात्र झाकला गेला आहे. शिक्षा सुनावणे आणि ती अमलात आणणे यांमध्ये जो काळ जातो, त्याचा या शिक्षेच्या स्वरूपाशी काय संबंध आहे? पुण्यात चाललेले तीन खटले एकत्र ठेवून पाहिले असता हा प्रश्न गौण नसून वादाचा मर्मबिंदू आहे, असे दिसून येते.

मुळशी तालुक्यातील हिंजवडी येथे माहिती-तंत्रज्ञानाच्या कचेऱ्या उभ्या राहिल्या आणि रात्रपाळीसाठी पुण्याहून गाड्यांची ये-जा सुरू झाली. 1 नोव्हेंबर 2007 च्या रात्री अशाच गाडीत बसलेल्या एका तरुणीस चालक व त्याचा साथीदार यांनी मावळ तालुक्यातील गहुंजे येथे नेऊन तिच्यावर बलात्कार केला व तिचा खून केला. मार्च 2012 मध्ये सत्र न्यायालयाने दोघांस फाशी सुनावली, त्याच वर्षी उच्च न्यायालयाने ती कायम केली आणि मे 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपिले फेटाळली. 2017 च्या मे महिन्यात राष्ट्रपतींनी दयेचे अर्ज नाकारले. त्यानंतर सुमारे दोन वर्षे काहीच घडले नाही. एप्रिल 2019 मध्ये फाशीचे वॉरंट निघाले व 24 जून हा दिवस ठरला. परंतु तत्पूर्वीच उच्च न्यायालयाने त्यास स्थगिती दिली आणि 29 जुलै 2019 रोजी, शासनाच्या अक्षम्य विलंबाच्या कारणास्तव, देहान्त शिक्षेच्या जागी 35 वर्षांचा कारावास ठरविला. डिसेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हाच निर्णय उचलून धरला.

या निर्णयाचे स्वागत शिक्षाविरोधकांनी केले, हे स्वाभाविक असले तरी विचारांती टिकणारे नाही. न्यायालयाने देहान्त शिक्षा अयोग्य ठरविली नाही. अपराध सौम्य होता असेही म्हटले नाही. कचेरीतील कागद वेळेवर हलले असते तर दोघेही फासावर गेले असते. कारकुनी शैथिल्याने वाचलेला जीव हा तत्त्वाचा विजय नव्हे. दुसऱ्या बाजूने, मृत तरुणीच्या आप्तांस बारा वर्षांच्या प्रतीक्षेनंतर जे उत्तर मिळाले ते न्यायाविषयी नसून टपालाविषयी होते, ही शिक्षासमर्थकांची तक्रार अगदी रास्त आहे. मात्र या तक्रारीतून ते जो उपाय काढतात, तो तपासून पाहणे अवश्य आहे. अर्ज त्वरेने निकालात काढावे, वॉरंट तत्काळ निघावे आणि शिक्षा विनाविलंब अमलात यावी, हा तो उपाय होय. सर्वोच्च न्यायालयानेही 2024 च्या निर्णयात दयेच्या अर्जांसाठी राज्यांनी स्वतंत्र कक्ष स्थापावेत, असे निर्देश दिले आहेत.

त्वरेचे उदाहरण पुण्यास अपरिचित नाही. जानेवारी 1976 ते मार्च 1977 या काळात या शहरात दहा खून झाले आणि जोशी-अभ्यंकर हत्याकांड या नावाने ते अद्यापि स्मरणात आहेत. सप्टेंबर 1978 मध्ये चार तरुणांस फाशीची शिक्षा झाली. पाचवा माफीचा साक्षीदार झाला. 27 नोव्हेंबर 1983 रोजी येरवडा येथे चौघांस फाशी देण्यात आली. शिक्षा सुनावल्यापासून पाच वर्षे दोन महिने इतकाच काळ यात गेला. याच वर्षी विलंबाविषयीचा कायदाही दोलायमान होता. फेब्रुवारी 1983 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या एका पीठाने दोन वर्षांहून अधिक विलंब झाल्यास फाशी रद्द व्हावी असे म्हटले आणि मार्चमध्येच दुसऱ्या पीठाने असा ठोकळ नियम अमान्य केला. अनुचित विलंब हे फाशी रद्द करण्यास पुरेसे कारण आहे, हे तत्त्व पुढे 2014 मध्ये पंधरा बंद्यांच्या शिक्षा बदलून दृढ करण्यात आले आणि हिंजवडीच्या खटल्यात त्याचाच आधार घेतला गेला.

या दोन खटल्यांपुरते पाहिले तर त्वरेचा पक्ष निर्विवाद वाटेल. तिसरा खटला ही समजूत मोडून काढतो. 26 ऑगस्ट 1994 रोजी पुण्यातील एका घरात पाच स्त्रिया व दोन बालके अशा सात जणांची हत्या झाली. स्त्रियांपैकी एक गर्भवती होती. 1998 मध्ये सत्र न्यायालयाने फाशी सुनावली आणि सप्टेंबर 2000 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. अपराध इतका क्रूर होता की, दुर्मिळातील दुर्मिळ या कसोटीस तो उतरतो काय, याविषयी शंकेस जागाच नव्हती. परंतु 2018 मध्ये दोषींपैकी एकाने आपण घटनेच्या वेळी अल्पवयीन होतो असा अर्ज केला. पुण्याच्या जिल्हा न्यायाधीशांकडून चौकशी झाली, राजस्थानातील शाळेच्या नोंदी तपासल्या गेल्या आणि 27 मार्च 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले की, अपराधाच्या दिवशी त्याचे वय साडेबारा वर्षांचे होते. ज्यास कायद्याने अधिकाधिक तीन वर्षे ठेवता आले असते, तो अठ्ठावीस वर्षांहून अधिक काळ तुरुंगात राहून बाहेर आला.

आता पहिल्या खटल्याचा वेग या शिक्षेस लावून पाहावा. 1998 मध्ये सुनावलेली फाशी 2003 च्या सुमारास दिली गेली असती. शाळेची नोंदवही त्यानंतरही आपल्या जागी राहिली असती. ती वाचण्याचे प्रयोजन मात्र उरले नसते. हिंजवडीच्या खटल्यात ज्या विलंबास न्यायालयाने क्रौर्य म्हटले, त्याच जातीच्या विलंबाने येथे एका बालकाचा जीव राखला. सत्र, उच्च आणि सर्वोच्च अशा तिन्ही पायऱ्यांवर खटला तपासला गेला असूनही हा प्रमाद कोणाच्या दृष्टीस पडला नव्हता, हे येथे विशेष लक्षात घ्यावे.

यावर असा आक्षेप येईल की, अपवादावरून नियम ठरवू नये. परंतु अंतिम निकालानंतरही अल्पवयीनतेचा मुद्दा केव्हाही उपस्थित करता येईल, अशी तरतूद खुद्द कायद्याने केली आहे. सत्य उशिरा उजेडात येऊ शकते, ही त्यामागील कबुली होय. आणि फासावर गेलेल्या मनुष्यापुरती ती कबुली निरर्थक ठरते. कारावासातही अन्याय होतो, गेलेली अठ्ठावीस वर्षे कोणी परत करीत नाही, हा आक्षेपही खरा आहे. तथापि उरलेली वर्षे परत देता येतात, एवढा फरक अल्प नव्हे.

समर्थकांच्या भूमिकेत एक गोष्ट मात्र खरोखर वजनदार आहे. 1773 मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाल्यावर रामशास्त्री प्रभुणे यांनी रघुनाथरावांस देहान्त प्रायश्चित्त सांगितले, ही कथा मराठी मनाने इतकी जपली याचे कारण रक्ताची तहान हे नव्हे. सत्ताधाऱ्याच्या हातून गेलेला जीवही कमी मोलाचा नाही, हे त्या उद्गारातून सांगितले गेले. मृताच्या जीविताचे मोल शिक्षेतून प्रकट व्हावे, ही मागणी न्यायाचीच आहे. मात्र ते मोल आज केवळ मृत्यूनेच प्रकट होते असे नाही. सूट न मिळणारी दीर्घ मुदतीची कैद न्यायालयांना देता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये व पुन्हा 2015 मध्ये घटनापीठाच्या निर्णयाने स्पष्ट केले आहे. फाशी नाही तर चौदा वर्षांत सुटका, हा पर्याय आता उरलेला नाही. हिंजवडीच्या खटल्यातील 35 वर्षे हेच दर्शवितात.

कायद्याचा प्रवासही याच दिशेने झालेला आहे. 1955 पूर्वी खुनाबद्दल फाशी न दिल्यास न्यायाधीशास कारणे नोंदवावी लागत. 1973 च्या संहितेने फाशी द्यावयाची असल्यास विशेष कारणे मागितली. 1967 मध्ये विधी आयोगाने ही शिक्षा रद्द करण्याचा प्रयोग देशाने करू नये असे मत दिले. 2015 मध्ये त्याच आयोगाने दहशतवाद व राष्ट्राविरुद्ध युद्ध हे अपराध वगळता ती रद्द करावी अशी शिफारस केली. 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने ती कायम ठेवली आहे.

तात्पर्य, मानवी राहावयाचे तर या शिक्षेस त्वरा हवी, आणि निर्दोष राहावयाचे तर तिला दीर्घ काळ हवा. दोन्ही अटी एकाच वेळी पाळणे कोणत्याही न्यायव्यवस्थेस शक्य नाही. म्हणून दोष केवळ कचेऱ्यांचा नाही, तो शिक्षेच्या स्वरूपातच आहे. हिंजवडीच्या रस्त्याने रात्री कामावर जाणाऱ्या स्त्रीस येरवड्यात दोर आहे की नाही, यापेक्षा आपल्या गाडीवर कोणाची नजर आहे, तक्रार त्वरित घेतली जाईल की नाही आणि अपराधी निश्चितपणे पकडला जाईल की नाही, हे अधिक मोलाचे आहे. त्वरा करावयाची ती तेथे करावी. तेथील चूक दुसऱ्या दिवशी सुधारता येते.