वॅट गुणिले तास : एका तक्त्याची झडती

घराच्या छपरावर सौर पॅनेल बसवावीत की नाही, बसवावीत तर किती, हा प्रश्न आता अनेक शिक्षकांच्याही घरात चर्चेला येतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारची 'पीएम सूर्यघर' योजना सुरू झाली आणि ३ किलोवॅटच्या संचाला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान जाहीर झाले. तेव्हापासून या विषयावरची माहितीपत्रके गावोगाव पोचली आहेत. त्यांपैकी बहुतेकांत एक तक्ता असतो. उपकरणाचे नाव, नग, वॅट, रोजचे तास आणि शेवटी युनिट. बेरीज करा, तेवढी पॅनेल बसवा, बिल शून्य! आम्हाला या तक्त्याचीच झडती घ्यायची आहे. कारण हा तक्ता विक्रेत्यांनी शोधलेला नाही; तो आपणच वर्गात शिकवलेल्या गणितातून उचललेला आहे.

सूत्रात काही चूक नाही. १००० वॅटचे उपकरण तासभर चालले की एक युनिट, म्हणजे ३६ लाख ज्यूल ऊर्जा खर्च होते. पण पाठ्यपुस्तकी उदाहरणात वॅट आणि तास दोन्ही आयते दिलेले असतात. विद्यार्थ्याने फक्त गुणाकार करायचा. हे आकडे आले कुठून, हा प्रश्न त्याला पडतच नाही. मोठेपणी तोच विद्यार्थी माहितीपत्रक हातात घेतो, तेव्हाही तो प्रश्न पडत नाही.

चार माणसांच्या एका घराचा तक्ता मांडून पाहू. चार पंखे, प्रत्येकी ७५ वॅट, १२ तास : ३.६ युनिट. सहा एलईडी नळ्या, २० वॅट, ६ तास : ०.७ युनिट. फ्रीज १५० वॅट, २४ तास : ३.६ युनिट. गिझर २००० वॅट, १ तास : २ युनिट. टीव्ही आणि इस्त्री मिळून १ युनिट. बेरीज दिवसाला सुमारे ११ युनिट, महिन्याला ३३०. आता याच घराची बारा महिन्यांची बिले काढली आणि सरासरी महिना १६० युनिट निघाली, तर? दुपटीचा फरक आहे. मीटर सहसा एवढा चुकत नाही. चूक तक्त्यात आहे.

सर्वांत मोठी चूक फ्रीजची. फ्रीज २४ तास जोडलेला असतो, चालू नसतो. आत पुरेसे गार झाले की त्याचा कॉम्प्रेसर थांबतो, पुन्हा उष्णता शिरली की सुरू होतो. फ्रीजवर चिकटवलेल्या ताऱ्यांच्या पट्टीवर वर्षाची युनिट छापलेली असतात. ती २४० असतील, तर रोजचा खर्च सुमारे ०.७ युनिट झाला, तक्त्यातले ३.६ नव्हेत.

गिझरचेही तसेच. तिथे तास मोजण्यात अर्थच नाही, पाणी मोजायला हवे. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ४० अंशांपर्यंत तापवायला १५ × ४.२ × १५, म्हणजे ९४५ किलोज्यूल लागतात. हे झाले सुमारे पाव युनिट. चौघांच्या आंघोळीला एक युनिट आणि थोडी गळती. उन्हाळ्यात तर गिझर बंदच. विशिष्ट उष्मा शिकवताना हे उदाहरण का घेऊ नये? आपल्या पुस्तकांत उष्णता एका प्रकरणात, वीज दुसऱ्यात आणि सौर ऊर्जा तिसऱ्यात असते. घरात मात्र तिन्ही एकाच तारेवर असतात.

राहिले पंखे. चारही पंखे बाराही महिने बारा तास एकदम फिरतात असे घर आमच्या पाहण्यात नाही. हे तीन आकडे सुधारले की तक्ता मुकाट्याने बिलाजवळ येतो.

या चुकीची किंमत काय, ते पाहू. महाराष्ट्रात १ किलोवॅटचा नीट बसवलेला संच वर्षाच्या सरासरीने दिवसाला सुमारे ४ युनिट, म्हणजे वर्षाला १४०० च्या आसपास युनिट देतो. बिलाप्रमाणे या घराची वर्षाची गरज १९२०, म्हणून दीड किलोवॅट पुरेसा. तक्त्याप्रमाणे गरज ४००० च्या वर, म्हणून ३ किलोवॅट. नेमक्या याच आकड्यावर अनुदानाची कमाल मर्यादा येते, त्यामुळे तो पटकन पटतोही. कर्ज काढून दुप्पट संच बसवणाऱ्या कुटुंबाला ही गुणाकाराची चूक वर्षानुवर्षे हप्त्यांतून फेडावी लागते. पुढे विजेची शेगडी, वातानुकूलन यंत्र किंवा विजेवरची दुचाकी घ्यायची असेल, तर मोठा संच योग्यही ठरेल. पण तो विचार करून घेतलेला निर्णय असावा.

पत्रकांतले आणखी तीन दोष थोडक्यात सांगतो. पहिला, पॅनेलवर लिहिलेले वॅट हे प्रयोगशाळेतले असतात : चौरस मीटरला १००० वॅट प्रकाश आणि सौर घटाचे तापमान २५ अंश. आपल्या मे महिन्यातल्या गच्चीवर घट साठ अंशांपर्यंत तापतो आणि दर अंशामागे सुमारे ०.४ टक्के शक्ती घटते. म्हणजे भर उन्हात चौदा टक्के कमी! दुसरा, पॅनेलमधले घट एकसर जोडलेले असतात. पाण्याच्या टाकीची सावली थोड्याच घटांवर पडली, तरी मोठ्या भागाची धारा अडते. तिसरा दोष सर्वांत फसवा. बॅटरी नसलेला साधा ग्रिडजोड संच वीज गेली की स्वतःहून बंद होतो. तारांवर काम करणाऱ्या कामगाराला धक्का बसू नये म्हणून त्याची रचनाच तशी असते. भारनियमनाला कंटाळून पॅनेल घेणाऱ्याला हे आधी सांगायला नको का?

आणि बिल शून्य होत नाही. वीज एकही युनिट न वापरली तरी स्थिर आकार भरावाच लागतो.

मग वर्गात काय करावे? तक्ता टाकून देऊ नये, त्याची परीक्षा घ्यावी. बहुतेक इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी एका युनिटला किती लुकलुकी, तो आकडा छापलेला असतो. तो ३२०० असेल, तर एक लुकलुक म्हणजे ११२५ ज्यूल. घरातले सारे बंद करून फक्त एक पंखा लावा आणि दोन लुकलुकींमधला वेळ मोजा. १५ सेकंद आले तर पंखा ७५ वॅटचा. ३७ सेकंदांच्या आसपास आले तर तो नव्या बीएलडीसी जातीचा, ३० वॅटचा. मीटरला हात लावायचा नाही, फक्त पाहायचे. दोन दिवस गावाला जाताना फक्त फ्रीज चालू ठेवून जाण्यापूर्वी आणि परतल्यावर आकडा टिपला, तर फ्रीजचा खरा खर्चही कळतो.

असा तक्ता विद्यार्थ्याने स्वतः भरला आणि घरच्या बिलाशी ताडून पाहिला, की कोणता आकडा मोजलेला आणि कोणता नुसता मानलेला, हे त्याला कळू लागते. पॅनेल घेण्यापूर्वी त्याच्या आईवडिलांना नेमकी हीच गोष्ट कळायला हवी आहे. ती मुलाने घरी जाऊन सांगितली, तर आपला विजेचा धडा नीट शिकवून झाला असे आम्ही समजू.