पट्टीचा पक्षपाती: बॉबी हीनन

प्रो रेसलिंगमध्ये निकाल आधीच ठरलेला असतो. मग कॉमेंटेटर नेमकं काय सांगतो? मला पटलेलं उत्तर १९ जानेवारी १९९२च्या ‘रॉयल रंबल’मध्ये सापडतं आणि ते देणारा आहे बॉबी हीनन.

आपल्या पिढीने डब्ल्यूडब्ल्यूईचे पैलवान ट्रम्प कार्डांवर मोजले: उंची, वजन, रँक. त्या हिशेबात हीननचं कार्ड कुणालाच नको झालं असतं. तो स्वतः कुस्तीगीर होता, पण नाव झालं मॅनेजर म्हणून. आधी एडब्ल्यूएमध्ये निक बॉकविंकलचा मॅनेजर, मग १९८४पासून डब्ल्यूडब्ल्यूएफमध्ये. १९८७च्या रेसलमेनियात हल्क होगनसमोर आंद्रे द जायंटला घेऊन आला तो हाच. खलनायकी मॅनेजरने आपल्या माणसासाठी बाता मारायच्या आणि शेवटी नायकाचा मार स्वतःच्या अंगावर घ्यायचा, म्हणजे लोक खूश होऊन घरी जातात. दुसऱ्याला मोठं करण्याचं हे कसब हीननने कॉमेंट्रीच्या टेबलावरही आणलं.

१९९२च्या त्या रंबलमध्ये ३० पैलवान होते आणि पणाला होतं रिकामं झालेलं विजेतेपद. हीननचा लाडका रिक फ्लेअर तिसऱ्याच क्रमांकाला रिंगमध्ये येतो. इतक्या लवकर आलेला माणूस शेवटपर्यंत टिकणार कसा? इथून पुढे जवळपास तासभर हीनन विनवतो, चिडतो, हिशेब मांडतो, कोलमडतो. स्वतःला तो ‘ब्रॉडकास्ट जर्नलिस्ट’ म्हणवायचा, हे लक्षात ठेवून ऐका.

रॉडी पायपर येतो तो भाग बघा. पायपर जेक रॉबर्ट्सवर तुटून पडतो, फ्लेअरची सुटका होते आणि कृतज्ञ हीनन जाहीर करतो की पायपरने नेसलाय तो स्कर्ट नाही, किल्ट आहे. थोड्याच वेळात पायपर फ्लेअरकडे वळतो. झालं, किल्टचा पुन्हा स्कर्ट! एका कपड्याच्या नावात त्याने निष्ठा, भीती आणि लबाडी तिन्ही बसवल्या. शेजारी बसलेला गोरिला मॉन्सून, तोही माजी पैलवान, वैतागून त्याला गप्प करू बघतो. त्या वैतागाशिवाय हा विनोद अर्धाच राहिला असता.

रिंगमध्ये एकाच वेळी आठ-दहा माणसं झोंबत असतात. कुणाकडे बघायचं ते कळत नाही. हीननची धास्ती आपल्याला फ्लेअरकडे बघायला लावते. निकाल ठरलेला असला, तरी हरण्याची भीती त्याच्या आवाजात खरी वाटते. तटस्थ वर्णनाने हे साधलं नसतं. तो पक्षपात लपवत नाही, म्हणून आपण त्याला सहज तपासू शकतो. तटस्थपणाचा आव आणणाऱ्या अँकरच्या बाबतीत ही सोय नसते.

पण खलनायकाचा मुखवटा सगळंच माफ करत नाही. टिटो सांतानाच्या मेक्सिकन असण्यावरून हीननने केलेले विनोद आज कानाला खुपतात. ‘तो वाईट माणसाचं पात्र करतोय’ एवढं म्हणून सुटका होत नाही, कारण तिथे हसं त्या पात्राचं होत नाही, सांतानाचं होतं. किल्टच्या विनोदात मात्र उघडा पडतो तो हीनन स्वतः. त्याची चांगली आणि वाईट कॉमेंट्री वेगळी करायला मला हीच कसोटी पुरेशी वाटते.

१९९४ ते २००० तो डब्ल्यूसीडब्ल्यूमध्ये होता. तिथे आवाज तोच होता, पण समोर मॉन्सून नव्हता आणि ते जाणवतं. १९९९मध्ये मॉन्सून गेला, तेव्हा हीननने प्रतिस्पर्धी कंपनीच्या कार्यक्रमात त्याला निरोप दिला. २००२मध्ये घशाच्या कर्करोगाचं निदान झालं. २००४च्या हॉल ऑफ फेमच्या भाषणात त्याचा आवाज बदललाय, पण विनोदाचं टायमिंग शाबूत आहे. शेवटी तो एवढंच म्हणतो की आज मॉन्सून इथे हवा होता. २०१७मध्ये हीननही गेला.

रंबलचा तो तास एकदा बघा. मग पुन्हा लावा आणि फोन उलटा ठेवून नुसता ऐका.