चौकटींतील चित्रें व त्यांचें साधन

चित्राच्या वा काव्याच्या समालोचनांत साधनाची चर्चा करणें आपल्याकडे कांहींसें हलकें समजलें जातें. कवीला त्याची दौत कोणत्या दुकानची म्हणून कोणी विचारीत नाहीं, आणि विचारूंही नये. परंतु एक कला अशी आहे कीं, तिच्या बाबतींत हा प्रश्न टाळला तर कलेचीच चर्चा अपुरी राहते. संगणकावरील खेळांत तलवार, किल्ली, कंदील, औषधाची कुपी अशा वस्तूंचीं जीं इवलालीं चित्रें दिसतात व ज्यांना आयकॉन म्हणतात, तीं चौकोनी ठिपक्यांचीं, म्हणजे पिक्सेलांचीं, बनलेलीं असतात. तीं कोणत्या सॉफ्टवेअरमध्यें काढावीं हा प्रश्न केवळ सोयीचा नाहीं, असें आम्हांस दोन महिन्यांच्या अनुभवानें वाटूं लागलें आहे.

या विषयाकडे आम्ही वळलों तें घरगुती कारणानें. आमच्या थोरल्या बंधूंची कन्या महाविद्यालयांत शिकते. दोन मैत्रिणींसह तिनें एक लहानसा खेळ रचावयास घेतला असून त्यांतील ४० आयकॉन काढण्याचें काम तिच्याकडे आलें आहे. हात तिचा वाईट नाहीं. छायाचित्रें दुरुस्त करण्याच्या एका महागड्या सॉफ्टवेअरमध्यें तिनें ५१२ पिक्सेल लांबीरुंदीचा एक कंदील काढला. कांचेवरील काजळी, वातीचा पिवळा उजेड, सारें हुबेहूब. पुढें तोच कंदील खेळांत बसविण्यासाठीं ३२ पिक्सेलांवर आणला, तेव्हां त्याचा मळकट गोळा झाला. विळ्याची तीच गत, किल्लीची तीच. आठ दिवस ती हें करीत राहिली आणि नवव्या दिवशीं आईजवळ म्हणाली, "मला चित्र काढतांच येत नाहीं." बंधूंनीं आम्हांस बोलावून सांगितलें, "पुन्हा पैसे घालावयाचे तर कशांत घालावे, तें एकदां तूं नीट पाहून सांग." त्यांचा प्रश्न पैशांचा होता, आम्हांस मात्र मुलीच्या त्या वाक्याचीच अधिक काळजी वाटली. तें वाक्य खोटें होतें, आणि तें खोटें आहे हें तिला कळण्याची वाटच तिच्या साधनानें बुजवून टाकली होती.

कंदिलाचा गोळा कां झाला याचें उत्तर साध्या हिशेबांत आहे. ५१२ चें चित्र ३२ वर आणलें म्हणजे मूळच्या २५६ ठिपक्यांच्या जागीं एकच ठिपका उरतो. त्या २५६ जणांचें म्हणणें काय होतें तें सॉफ्टवेअर सरासरीनें ठरवितें. आणि काजळी, कांच व उजेड यांची सरासरी राखेचा रंग हीच येते. म्हणून ही कला मोठें चित्र लहान करण्याची नव्हेच. जिच्या घरीं आजीनें दसुतीवर फुलीच्या टाक्यांनीं मोर भरला असेल, तिला हें आमच्यापेक्षां लवकर उमगेल. मोराची मान वांकवितांना आजी टाका अर्धा घालीत नाहीं. कोणत्या घरांत टाका घालावयाचा व कोणतें घर मोकळें ठेवावयाचें एवढेंच ती ठरविते, आणि मान वांकते. (ठिपक्यांच्या रांगोळीची उपमा पुष्कळजण देतात, पण ती लागू पडत नाहीं. तेथें ठिपका रेषेला वाट दाखवून आपण मागें राहतो. येथें रेषा म्हणून निराळें कांहीं नसतेंच.)

या कलेचा इतिहासही हेंच सांगतो. मॅकिंटॉश संगणक १९८४ सालीं बाजारांत आला. त्यावरील हंसरा संगणक, केराची टोपली, बाँब हीं चित्रें सुझन केअर या चित्रकर्तीनें काढलीं, आणि आरंभीं तीं काढलीं तीं आलेखाच्या चौकटी असलेल्या कागदावर, ३२ बाय ३२ घरें भरून. तिच्याजवळ रंग नव्हता. काळें घर आणि पांढरें घर एवढेंच भांडवल. त्यापूर्वीं १९८१ सालीं जपानांत शिगेरु मियामोतो यांनीं 'डाँकी काँग' या खेळासाठीं जो ठेंगणा नायक काढला, त्याच्या डोक्यावर टोपी आली ती केंस काढण्यास जागा नव्हती म्हणून, आणि ओठांवर मिशा आल्या त्या तोंड दाखविणें अशक्य होतें म्हणून. तोच पुढें मारिओ या नांवानें जगप्रसिद्ध झाला. दोन वर्षांनीं निघालेल्या निंटेंडोच्या घरगुती यंत्रांत तर हलत्या आकृतीच्या एका तुकड्याला तीन रंग व चौथी पारदर्शकता, याहून अधिक मिळत नसे. आज संगणकाला असली कसलीच टंचाई नाहीं. म्हणूनच सॉफ्टवेअरची निवड महत्त्वाची झाली आहे: पूर्वीं जें बंधन यंत्र घालीत असे, तें आतां चित्रकारानें आपण होऊन घालून घ्यावें लागतें, आणि तें पाळण्यास साधनानें साथ द्यावी लागते.

या दृष्टीनें आम्हीं चार-पांच सॉफ्टवेअर रोज संध्याकाळीं वापरून पाहिलीं. गिंप हें १९९६ पासूनचें, सर्वस्वीं विनामूल्य व मोठ्या ताकदीचें आहे. त्यांत पिक्सेलांचें काम होतें. परंतु ब्रश सोडून पेन्सिल घ्यावी, आकार बदलतांना मधले रंग घालूं नकोस असें बजावावें, रंग ठराविक संख्येंत बांधून घ्यावे, तेव्हां तें होतें. ज्या घरांत नोकर फार, तेथें मालकिणीचा दिवस त्यांना गप्प बसविण्यांतच जातो, तसें आमचें झालें. पिस्केल हें याच्या अगदीं उलट. ब्राउझरमध्यें उघडतें, दाम लागत नाहीं, आणि ज्याला ही कला आपल्याला मानवेल कीं नाहीं हेंच पाहावयाचें आहे त्यास याहून चांगला आरंभ सांपडणार नाहीं. मात्र केलेलें काम फाइल म्हणून उतरवून ठेवावें, ब्राउझरच्या भरंवशावर राहूं नये. जपानी ग्राफिक्सगेल पूर्वीं विकत मिळे, २०१७ पासून विनामूल्य झालें आहे. तें विंडोजपुरतें व जुन्या वळणाचें आहे, पण जुन्या वळणाचें म्हणूनच प्रामाणिक.

अधिक लिहावयाचें तें असेप्राइटविषयीं. आर्जेंटिनाच्या डेव्हिड कापेल्यो यांनीं २००१ सालीं तें रचावयास घेतलें, आणि आज या कलेंतील पुष्कळ मंडळींचा हात त्यावरच बसलेला आहे. त्याचा मुख्य गुण लहानशा गोष्टींत आहे. आपण ठिपके मोठे करून काम करीत असतां बाजूच्या छोट्या खिडकींत तेंच चित्र खऱ्या आकारांत दिसत राहतें. हातानें ओढलेल्या रेषेच्या वळणावर जे जादा ठिपके सांचून कोपरे बोजड होतात, ते सांगितल्यास तें आपोआप गाळतें. रंगपेटींत एक रंग बदलला कीं, तो जेथें जेथें वापरला असेल तेथें तेथें बदलतो. ४० आयकॉनांची छटा एका कुटुंबासारखी राखावयाची तर याचें मोल केवढें, तें वेगळें सांगावयास नको. ही कल्पना नवी नाहीं. १९८५ सालीं अमिगा संगणकासाठीं निघालेल्या डिलक्स पेंटमध्यें रंगपेटींतील रंग क्रमानें फिरवून न हलणाऱ्या चित्रांतलें पाणी वाहतें ठेवीत असत. असेप्राइट त्याच घराण्यांतलें आहे.

दोष नाहींत असें नाहीं. त्याचीं बटणें व अक्षरेंही पिक्सेलांचींच, आणि चाळिशी लावणाऱ्या माणसाला तीं मोठीं करून घेतल्याविना वाचवत नाहींत. दुसरी गोष्ट परवान्याची. २०१६ पर्यंत तें मुक्त होतें. त्यानंतर त्याचा मूळ मजकूर वाचावा, स्वतःपुरतें तें घडवून वापरावें, पण दुसऱ्यास वांटूं नये, असा नियम झाला. कर्त्याला पोट आहे, आणि एकदांच किंमत घेऊन मासिक वर्गणीचा तगादा न लावणारा कर्ता आजकाल दुर्मिळ. त्यास आम्ही नांवें ठेवणार नाहीं. ज्यांना हें रुचलें नाहीं त्यांनीं शेवटच्या मुक्त आवृत्तीवरून लिब्रेस्प्राइट नांवाची शाखा काढली आहे. ती मागें रेंगाळते, पण फुकट आहे.

शब्दांत वर्णन दिल्यावर चित्र बनवून देणारीं यंत्रें आतां निघालीं आहेत, तींही मुलीनें पाहिलीं. त्यांचा कंदील दुरून ठिपक्यांचा भासतो. जवळून पाहावें तर एक ठिपका मोठा, एक लहान, एक दोन घरांच्या सीमेवर बसलेला. दसुतीचें कापड विस्कटल्यासारखें तें दिसतें.

येथें एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. 'स्टारड्यू व्हॅली' हा २०१६ सालचा अत्यंत लोकप्रिय खेळ एरिक बरोन यांनीं चार वर्षांहून अधिक काळ एकट्यानें रचला, आणि त्यांतील चित्रें त्यांनीं पेंट डॉट नेट या साध्या, सर्वसामान्य सॉफ्टवेअरमध्यें काढलीं. मग ही सारी चिकित्सा कशाला? आमचें उत्तर असें कीं, बरोन यांना काय किंवा आलेखाचा कागद घेऊन बसलेल्या केअरना काय, प्रत्येक घर डोळ्यांपुढें दिसत होतें व त्यांत दुसरा कोणी रंग घालीत नव्हता. एवढें ज्या साधनांत मिळतें तें पुरेसें आहे, मग तें फुकटाचें असो. जें साधन न विचारतां मदत करतें, तें मात्र शिकणाऱ्याला आपली चूक कोणती व त्याची कोणती हें कळूं देत नाहीं.

एक व्यवहाराची गोष्ट सांगून ठेवतों, कारण तींत पुष्कळजण फसतात. खेळ विकावयास ठेवतांना गूगलच्या दुकानाला ५१२ पिक्सेलांचा व ॲपलच्या दुकानाला १०२४ पिक्सेलांचा आयकॉन लागतो. चित्र ३२ चें असेल तर तें सोळा पटींनीं व बत्तीस पटींनीं बरोबर मोठें होतें. ४८ चें असेल तर ५१२ मध्यें पूर्ण पट बसत नाहीं; तेव्हां दहा पटींनीं ४८० करून चारी बाजूंस १६ ची मोकळी कड ठेवावी, ओढूनताणून बसवूं नये. आणि जपून ठेवावयाचें तें पीएनजी या रूपांत. जेपेगमध्यें ठेवल्यास कडांशीं नको ते रंग पाझरतात.

बंधूंना आम्हीं सांगितलें कीं, महिनाभर पिस्केलवर हात बसूं द्या, पैसे मागाहून. त्याप्रमाणें झालें, असेप्राइट गेल्या महिन्यांत घेतलें. ४० पैकीं ३१ आयकॉन तयार आहेत. कंदील अवघ्या पांच रंगांत उभा राहिला असून त्याची काजळी दोन ठिपक्यांची आहे. पखाल मात्र अद्याप वांग्यासारखी दिसते. काल मुलीनें ती सहाव्यांदा पुसली, "काका, यांत चूक माझीच आहे," असें म्हणाली, आणि पुन्हा पहिला ठिपका ठेवला.