रानांतील रोजनिशी

व्हॅलेंटाइन बॉल या आयरिश भूगर्भशास्त्रज्ञाचें १८८० सालीं निघालेलें 'जंगल लाइफ इन इंडिया' हें पुस्तक आम्हीं नुकतेंच पुन्हा वाचलें. १८६४ पासून हा गृहस्थ सरकारी भूगर्भखात्यांत होता. थंडी पडतांच तंबू घेऊन छोटानागपूर, सिंगभूम, संबळपूरकडील रानांत कोळसा नि तांबें धुंडीत हिंडावें, हा त्याचा क्रम. ग्रंथाची मांडणीहि तशीच, सालवार. त्यामुळें मुक्कामामागून मुक्काम येतात आणि वाचक थकतो; हा दोष आम्ही झांकूं इच्छीत नाहीं. लांडग्यांनीं वाढविलेल्या मुलांच्या कथांना दिलेली जागाहि आम्हांस अनाठायीं वाटते. परंतु रानांतले लोक मोहाचीं फुलें, फळें, कंदमुळें काय काय खातात याचें टांचण तो करूं लागला, म्हणजे त्या रुक्ष लेखणीस ओलावा येतो. ज्या भुईखालचें धन तो मोजतो, तिच्याच वरचें हें अन्न! दोन्ही नोंदी एकाच वहींत आहेत. पण त्यांचा सांधा जुळलेला आम्हांस कोठें दिसला नाहीं. पुढें १९०७ सालीं टाटांची पोलाद कंपनी निघाली आणि सिंगभूमांतील साकचीचें जमशेदपूर झालें. हें ठाऊक असलेल्या वाचकास ती खाद्यवस्तूंची यादी सहज उलटून पुढें जातां येत नाहीं.