ब्लॅक एंजल्स

अमेरिकन संगीतरचनाकार जॉर्ज क्रम (२४ ऑक्टोबर १९२९–६ फेब्रुवारी २०२२) याची चेंबर संगीतातील, म्हणजे मोजक्या वादकांसाठी केलेल्या संगीतातील, बहुचर्चित रचना (१९७०). दोन व्हायोलिने, एक व्हायोला व एक चेलो या रूढ चतुष्कासाठीच ती लिहिलेली असली, तरी वाद्यांचा नाद विजेच्या साहाय्याने वाढविलेला असतो. मिशिगन विद्यापीठाच्या स्टॅन्ली चतुष्काने ऑक्टोबर १९७० मध्ये ॲन आर्बर येथे तिचे पहिले वादन केले.

व्हिएटनाम युद्धाच्या काळात ही रचना पूर्ण झाली. स्वरलिपीवर ‘युद्धकाळी’ अशा अर्थाचे लॅटिन शब्द व १३ मार्च १९७० हा शुक्रवारचा दिनांक नोंदविलेला आहे. रचनेचे तेरा खंड प्रयाण, अभाव व पुनरागमन अशा तीन भागांत विभागलेले असून १३ व ७ या संख्यांवर तिची मांडणी आधारलेली आहे.

वादनतंत्रातील नावीन्य हे तिचे ठळक वैशिष्ट्य होय. पहिल्या खंडात तारांवर उंच पट्टीतील थरथरते स्वर काढून कीटकांच्या गुंजारवाचा भयसूचक आभास निर्माण केला आहे. अन्यत्र गज अतिरिक्त दाबाने ओढला जातो. वादक कुजबुजतात, निरनिराळ्या भाषांत अंक उच्चारतात. सहाव्या खंडात शूबर्टच्या ‘डेथ अँड द मेडन’ या चतुष्कातील स्वरावली येते. ती वाजविताना वाद्ये उभी धरून गज डाव्या हाताच्या बोटांपलीकडे, खुंट्यांच्या बाजूला फिरवितात. त्यामुळे जुन्या व्हायोल वाद्यांसारखा क्षीण, दूरस्थ नाद उमटतो. दहाव्या खंडात तीन वादक पाणी भरलेल्या काचपात्रांच्या कडांवरून गज फिरवितात आणि त्या नादावर चेलोचे एकल वादन तरंगत राहते. आपल्याकडील जलतरंगाशी याचे साम्य वरवरचे आहे. जलतरंगात आघाताने उमटणारा नाद लगेच विरतो, येथे मात्र तो गजामुळे टिकून राहतो.

ही तंत्रे केवळ चमत्कृती आहेत काय, असा प्रश्न उपस्थित होतो. वादनपद्धतीची विलक्षणता परंपरासापेक्ष असते. सारंगीची तार नखाच्या मुळाशी टेकवून वाजविणे आपल्याला स्वाभाविकच वाटते. खरी कसोटी नादाच्या प्रयोजनाची. शूबर्टचा खंड व काचपात्रांचा खंड या कसोटीस पूर्णतः उतरतात, कारण तेथे बदललेला नाद हाच आशय ठरतो : पहिल्यात हरपलेल्या जगाची आठवण, दुसऱ्यात क्षणिक सांत्वन. संख्यांची गूढ योजना मात्र कानापेक्षा कागदावरच अधिक जाणवते, तर ‘सैतान-संगीता’तील कर्कशता काही वेळा नाट्याकडे झुकते. तथापि पहिल्या खंडातील कीटकनाद अखेरीस परततो, तेव्हा सांत्वनानंतरही भय सरलेले नाही, हे कोणत्याही स्पष्टीकरणावाचून उमगते.

या रचनेच्या श्रवणाने प्रभावित होऊन डेव्हिड हॅरिंग्टनने १९७३ मध्ये क्रोनोस चतुष्काची स्थापना केली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील चतुष्कलेखनात नादवर्णाला स्वररचनेच्या बरोबरीचे स्थान मिळवून देणाऱ्या कृतींत ‘ब्लॅक एंजल्स’ची गणना होते.