छंदोपयोगी ड्रोन : फ्रेम, फ्लाइट कंट्रोलर आणि नावीन्याची चिकित्सा

छंद म्हणून बांधल्या जाणाऱ्या मल्टिरोटर ड्रोनमध्ये फ्रेम म्हणजे सांगाडा आणि फ्लाइट कंट्रोलर म्हणजे उड्डाणाचे नियंत्रण करणारे सर्किट हे दोन प्रमुख घटक होत. दोहोंची नवनवी रूपे सातत्याने येत असली, तरी त्यांचे नावीन्य एकाच जातीचे नाही.

कार्बन फायबरच्या फ्रेमची मोडलेली भुजा बहुधा बदलता येते. कंट्रोलर बसविण्याच्या छिद्रांमधील ३०.५ मिलिमीटर अंतर रूढ झाल्यामुळे जुन्या फ्रेमवर नवा कंट्रोलरही बसतो. येथे नवे जुन्याला सामावून घेते.

कंट्रोलरचा इतिहास निराळा आहे. २०१० च्या सुमारास मल्टिवी या मुक्त प्रणालीने निन्टेन्डोच्या वी या खेळयंत्राचे संवेदक आणि आर्डुइनोचा ८-बिट प्रोसेसर वापरून स्वनिर्मितीचा मार्ग खुला केला. पुढे बेसफ्लाइट, क्लीनफ्लाइट व बीटाफ्लाइट ही परंपरा ३२-बिट प्रोसेसरवर विकसित झाली. मात्र बीटाफ्लाइटच्या नव्या आवृत्त्यांतून प्रथम एफ-१ व नंतर एफ-३ श्रेणीचे प्रोसेसर वगळले गेले. त्यांची अपुरी स्मृती हे कारण तांत्रिकदृष्ट्या रास्त आहे. मोटारींच्या कंपनांचा गोंगाट गाळणाऱ्या आरपीएम फिल्टरसारख्या सुविधांचे महत्त्वही नाकारता येत नाही. तथापि, त्यामुळे सुस्थितीतील कंट्रोलर कालबाह्य ठरतो.

अशा वेळी मुक्त परवान्याचे मोल कळते. जुनी आवृत्ती वापरण्याचा व सुधारण्याचा हक्क छांदिष्टाकडे राहतो. बंदिस्त प्रणालीत तो नसतो. म्हणूनच नव्या कंट्रोलरचे मूल्यमापन केवळ वेगावरून न होता दुरुस्ती, सुसंगतता आणि मुक्तता या निकषांवरही होणे आवश्यक आहे.