वेशीवरचा वेताळ

चित्रकथा हा समीक्षेचा विषय होऊ शकतो काय, अशी शंका काही वाचकांस येईल, आणि ती रास्तच आहे. परंतु ज्या पुस्तकांनी आपल्यापैकी अनेकांचे बालपण भारून टाकले, त्यांत नेमके काय होते, हे उतारवयात एकदा तपासून पाहण्यास हरकत नसावी.

१९६४ साली ‘टाइम्स ऑफ इंडिया’ समूहाने ‘इंद्रजाल कॉमिक्स’ ही मालिका सुरू केली. इंग्रजी-हिंदीप्रमाणे ती मराठीतूनही निघे. १९९० साली ती बंद पडली. तिचा पहिला आणि सर्वांत लाडका नायक म्हणजे वेताळ. अमेरिकन लेखक ली फॉक यांनी १७ फेब्रुवारी १९३६ पासून वृत्तपत्रात चालविलेल्या ‘फँटम’चा हा मराठी अवतार. सुरतेहून कोणी आणलेला एखादा अंक तेव्हा घरोघर फिरे आणि परत येईतो त्याचे मुखपृष्ठ गळून पडलेले असे. त्या वयात आम्हांस दिसला तो त्याचा पांढरा घोडा, लांडगा आणि जबड्यावर उमटणारी कवटीची खूण. त्याचे एकटेपण मात्र फार उशिरा ध्यानी आले.

कथा सर्वांस ठाऊक आहे. १५३६ साली चाचे एक जहाज लुटतात, पित्याची हत्या होते आणि तरुण मुलगा एकटाच अनोळखी किनाऱ्यावर फेकला जातो. तेथील बांदर जमातीचे लोक त्याला जगवतात. पित्याच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून तो अन्यायाविरुद्ध लढण्याची शपथ घेतो आणि ती पुढील पिढ्यांवरही बांधून टाकतो. आपण वाचतो तो वेताळ एकविसावा. जगाला मात्र तो एकच, न मरणारा पुरुष वाटतो.

या रचनेतच त्याच्या एकाकीपणाचे मूळ आहे. अरण्यात राहतो म्हणून तो एकटा नाही. स्वतःच्या नावाने जगण्याची त्याला मुभा नाही, म्हणून तो एकटा आहे. बाप गेला की मुलाने बापच व्हायचे, आणि त्याचा मृत्यू लोकांस कळूही द्यायचा नाही. शोक करण्याचा साधा अधिकारही या घराण्याने शपथेत गहाण टाकला आहे. शहरात जाताना तो लांब कोट, हॅट आणि काळा चष्मा घालून ‘मिस्टर वॉकर’ होतो. मुखवटा घातला तरी आणि काढला तरी चेहरा झाकलेलाच. चित्रकारांनी मुखवट्यातील डोळ्यांना बुबुळेही दिली नाहीत. तो पाहतो, परंतु त्याच्या नजरेस नजर देता येत नाही.

मराठी रूपांतरात त्याला वेताळ हे नाव मिळाले, हा मला मोठा अर्थपूर्ण योग वाटतो. कोकण-गोमंतकात वेताळ हा ग्रामरक्षक देव. रात्री तो गावाभोवती फेरी घालतो, चालून चालून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून भाविक त्याला नव्या वहाणा वाहतात. मूळ इंग्रजीत फँटमचे बिरुद ‘चालते भूत’ अशाच अर्थाचे आहे. परंतु भेदही आहे. आपला वेताळ गावाचे रक्षण करतो, आणि त्याच्या पायांची काळजी गाव करते. फॉक यांच्या नायकाला लोक भितात, मानतात, पण त्याच्या वहाणा झिजल्या असतील हे कोणाच्या मनात येत नाही.

तुलनेसाठी १९३८ साली प्रकटलेला सुपरमॅन घ्यावा. जेरी सीगल आणि जो शुस्टर हे त्याचे जनक ज्यू स्थलांतरितांची मुले होती. त्यांचा नायक नष्ट झालेल्या ग्रहावरून येतो, शेतकरी दांपत्याच्या घरी वाढतो आणि चारचौघांत खपून जाण्यासाठी बावळट दिसण्याचे सोंग करतो. त्याचे एकटेपण आश्रिताचे आहे. वेताळाचे एकटेपण निराळे. तोही आश्रित म्हणूनच आला, पण पुढे कवटीच्या सिंहासनावर बसला. ज्यांनी त्याला वाचविले ते बांदर कथेत त्याचे निष्ठावंत सेवक उरले. चार शतके शेजारी राहून त्यांना या गोऱ्या पाहुण्याविषयी काय वाटले, हे लेखक कधी विचारीत नाही. हा या कथांतील मोठा दोष होय. सिंहासनावरून उतरल्याखेरीज ज्याला शेजारी मिळणार नाही, त्याचे एकाकीपण केवळ करुण नसते; त्यात त्याची स्वतःचीही निवड असते.

हे लिहिताना आपल्या घरांची आठवण होणे अपरिहार्य आहे. कामरेज हा बडोदे संस्थानाच्या नवसारी प्रांतातील तालुका. आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज गायकवाडीच्या चाकरीत इकडे आले. १९४९ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, १९६० साली गुजरात राज्य झाले. सत्ता गेली आणि आपण तापीकाठीच राहिलो. आपले परकेपण सुपरमॅनचे की वेताळाचे? आपण ते नेहमी पहिल्या प्रकारचे म्हणून सांगतो: दोन भाषा, दोन नावांचे जगणे, देशावरच्या नातलगांस गुजराती आणि येथल्यांस मराठी वाटणे. ते खोटे नाही. परंतु आपण प्रथम आलो ते निर्वासित म्हणून नव्हे, तर अंमलदार म्हणून, हेही तितकेच खरे. पूर्वजांची शपथ जपता जपता आपणही शेजाऱ्यांस काही विचारावयाचे राहून गेलो नाही ना?

वेताळाच्या गोष्टी पुन्हा वाचताना हा प्रश्न मनास टोचला, एवढ्यासाठी तरी मी त्या जुन्या फाटक्या अंकांचा ऋणी आहे. वाङ्मय म्हणून त्यांची पातळी सामान्य. कथानके एकसुरी, खलनायक ठोकळेबाज. तरी त्यांच्या तळाशी एक खरे दुःख आहे. त्यावरचा उपाय मात्र फॉक यांच्यापाशी नाही. तो आपल्या वेशीवरच्या देवापाशी आहे. तो ना गावाचा धनी, ना गावाचा पाहुणा. रात्री आपले काम करतो आणि गावाने दिलेल्या वहाणा नाकारीत नाही.